आत्यांची मूळव्याध

आत्यांना मूळव्याध झाली आहे, असं आम्ही हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये ठरवलं. आम्ही म्हणजे माझा नवरा आणि माझे धाकटे दीर. मी तिथेच उभी होते, रिपोर्टची फाइल माझ्याच हातात होती, पण ठरवणाऱ्यांत माझी गणती नव्हती. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या पुनावळ्यात जुन्या घरांतून सासूला आत्याच म्हणतात. त्या वेळी त्या घरी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या आणि त्यांच्या मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ होती.

नवरा गाडीच्या बॉनेटवर हात टेकून बराच वेळ खाली बघत राहिला. दीर रडले. मग दोघांनी डोळे पुसले आणि पहिली गोष्ट बोलले ती ही, की आईला सांगायचं नाही. पण रक्त जातंय हे आत्यांना माहीत होतंच, त्यांनीच ते कितीतरी महिने दडवून शेवटी मला सांगितलं होतं. तेव्हा त्या रक्ताला काहीतरी नाव द्यायला हवं होतं. मूळव्याध हे नाव दिरांना सुचलं. अर्ध्या गल्लीला ती आहे, तिनं कुणी मरत नाही आणि तिच्याबद्दल कुणी फार खोलात विचारत नाही. ते सुचणं इतकं सोयीचं होतं की मला राग यायलाही थोडा वेळ लागला. मी म्हटलं, अहो, दुखणं त्यांचं आहे, त्यांना कळायला नको का?

नवरा म्हणाला, "तू यात पडू नको. तुझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई."

हे बोलणं खरं तर आत्यांचं. लग्न झाल्यापासून त्या मला चारचौघांत हेच ऐकवत आल्यात आणि त्यात खोटं काही नाही. मी महाळुंग्याच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगची तपासणी करते. वायरींचा अख्खा जुडगा बोर्डावर पसरायचा, टोकं टोकांत बसवायची, दिवा हिरवा झाला तर पुढं पाठवायचा, नाही झाला तर बाजूला काढायचा. सुपरवायझर कितीही मागं लागला, शिफ्ट संपत आलीय, एवढा जाऊ द्या मॅडम म्हणाला, तरी मी जाऊ देत नाही. जे आहे ते बोलून मोकळी होते. कंपनीत त्याबद्दल माझं नाव आहे. घरात त्याबद्दल माझे वाभाडे निघतात.

पण त्या दिवशी मी गप्प बसले. दोन मोठे पुरुष आईसाठी रडताना बघितले आणि माझी जीभ आत गेली. मला वाटलं, चारदोन दिवसांचा प्रश्न आहे, ऑपरेशन होईल, मग काय सांगायचं ते सांगतील. तिथेच मी अडकले.

घरी येऊन आत्यांना सांगितलं तेव्हा त्या मुळीच घाबरल्या नाहीत, उलट जरा मानानंच त्यांनी ते घेतलं. एवढं रक्त जातंय म्हणजे चांगली जबरदस्त मूळव्याध असणार. संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना कळलं. आमच्या गोठ्याच्या जागी आता भाडेकरूंच्या खोल्या आहेत. त्यातली लातूरकडची एक बाई कसलीशी मुळी उगाळून घेऊन आली. शेजारणीनं सुरण सांगितला, तिच्या जावेनं ताक सांगितलं. आत्यांनी सगळं मनावर घेतलं. मंडईतून सुरण आणायचा, हाताला तेल लावून चिरायचा, चिंच घालून शिजवायचा आणि त्यांच्या पानात वाढायचा हे माझं काम. त्यांच्या घशाला खाज सुटायची, डोळ्यांत पाणी यायचं, तरी त्या नेटानं खायच्या, कारण त्यांना बरं व्हायचं होतं. मी समोर उभी राहून वाढत असायची. इतकी लाज मला आयुष्यात कशाची वाटली नाही.

चारदोन दिवसांचे दोन महिने झाले, ते असे. गाठ काढायची तर पूर्ण भूल द्यावी लागणार होती. भूल द्यायच्या आधी हृदयाची तपासणी करायला सांगितली. ती झाली आणि कळलं की हृदयातून रक्त जिथून बाहेर पडतं त्या तोंडाची झडप कडक होऊन आखडली आहे. जिथून बोट जायला हवं तिथून जेमतेम काडी जाईल. गच्चीवर वाळवण टाकायला गेल्या की आत्या दोनदा जिन्यात बसायच्या, ते आम्ही वयावर ढकलत होतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी कागद बघितले आणि सरळ सांगितलं, या हृदयाला मी भूल देणार नाही, बाई टेबलावर जातील.

कॅन्सरचा विभाग तिसऱ्या मजल्यावर होता आणि हृदयाचा सहाव्या. तिसऱ्या मजल्यानं सांगितलं, आधी झडप बदलून या. सहाव्या मजल्यावरचे छाती उघडणारे सर्जन म्हणाले, छाती उघडली तर सावरायला महिने जातील. शिवाय रक्त पातळ करावं लागेल, गाठ तिकडे भळभळा वाहील, आणि तोवर कॅन्सर काय थांबणार आहे? आधी गाठीचं बघा. आम्ही पुन्हा तिसऱ्यावर. तिथे म्हणाले, गाठीचं बघायचं तर भूल हवी, भूल हवी तर झडप हवी. मग सहाव्यावर हृदयाच्या दुसऱ्या डॉक्टर भेटल्या, त्या मांडीतून नळी घालून झडप बसवायच्या. त्या म्हणाल्या, मी करू शकते, पण कॅन्सर पसरलेला असेल तर यांना त्रास देऊन उपयोग नाही, आधी तिसऱ्या मजल्याकडून लेखी आणा की पुढं किती आयुष्य धरायचं. तिसरा मजला म्हणाला, ते पोट उघडल्याशिवाय नक्की कसं सांगणार.

हाफ डे टाकून, कंपनीच्या बसऐवजी स्वतःची गाडी काढून, दोन फायली दोन बगलांत घेऊन मी त्या लिफ्टमध्ये वर-खाली करत होते. एकदा लिफ्टमध्येच मला रडू फुटलं आणि स्ट्रेचरवरच्या एका आजोबांनी मलाच धीर दिला. मी सगळ्यांवर चिडले होते. रिसेप्शनवरच्या मुलीवर, टोकनच्या यंत्रावर, दोन्ही मजल्यांवर. पण खरा वैताग याचा होता की त्यांच्यातलं कुणीच चुकत नव्हतं. प्रत्येकाचं म्हणणं बरोबर होतं आणि सगळ्यांच्या बरोबर म्हणण्यात आमची म्हातारी मरणार होती.

घरी तर याहून पुढची तऱ्हा. हृदय कमजोर आहे कळल्यावर नवरा म्हणाला, आता तर आईला अजिबात सांगायचं नाही, धसक्यानंच जाईल ती. म्हणजे काळीज दुबळं म्हणून कॅन्सरचं सांगायचं नाही. कॅन्सरचं माहीत नाही म्हणून आत्या काळजाचं करून घ्यायला तयार नाहीत. आणि काळजाचं केल्याशिवाय कॅन्सर निघत नाही. हे सगळं मी नवऱ्याला एकदा चपात्या लाटता लाटता बोलून दाखवलं. तो म्हणाला, तू कंपनीतल्यासारखं बोलू नको.

आत्यांच्या बाजूनं बघितलं तर त्यांचं काय चुकत होतं? घरातली सगळी माणसं तोंड पाडून हिंडतायत, ही बया दोन फायली घेऊन पळतेय आणि सांगतात काय, तर काळजाची झडप बदलायची. त्या म्हणाल्या, "मूळव्याधीसाठी काळीज बदलायचं? मला काय येडी समजता व्हय?" आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसल्या.

शेवटी एका शनिवारी त्या हृदयाच्या डॉक्टरबाईंनीच तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांना, भूल देणाऱ्यांना आणि आम्हाला एका खोलीत बसवलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा दोन्ही फायली एका टेबलावर उघडल्या. पूर्ण अंगाच्या स्कॅनमध्ये गाठ आतड्याबाहेर गेलेली दिसत नव्हती. तेव्हा ठरलं ते असं. छाती उघडायची नाही. मांडीच्या रक्तवाहिनीतून मिटवलेली नवी झडप वर न्यायची आणि जुन्या झडपेतच उघडायची. पूर्ण भूल नाही, बाई जाग्या असतील, दोन-तीन दिवसांत चालायला लागतील. महिनाभर थांबून मग गाठ. जास्त थांबायचं नाही, कारण गाठीनं आतडं बंद केलं तर मग निवडायला काही उरणार नाही. आणि झडप बसवतानाही धोका आहेच, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मला इतकं हलकं वाटलं की मी नवऱ्याचा हात धरला, सगळ्यांसमोर. तेवढ्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, पेशंटला हे सगळं माहीत आहे ना? मी दाखल करून घेताना त्यांनाच विचारणार आहे, काय करतोय आणि कशासाठी करतोय. त्यांच्या तोंडून नीट आलं नाही तर मी हात लावणार नाही.

दोघं भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. बाहेर आल्यावर दीर म्हणाले, बघू, समजावू डॉक्टरांना. नवरा म्हणाला, आईचा अंगठा आपण घेऊ, तू फक्त तिला बुधवारी सकाळी गाडीत घालून आण, आमी येतो कामावरून.

अंगठा घेऊ म्हणे. आत्यांचा अंगठा घेणं इतकं सोपं नव्हतं आणि ते या दोघांना चांगलं माहीत होतं. रस्त्यात जमीन गेली तेव्हा, मी घरात यायच्या आधी, सगळ्या भाऊबंदांनी मिळून आत्यांना 'लाव गं, काही न्हाई' म्हणत कागदावर अंगठा लावायला लावला होता. कागदात विहीरही होती हे त्यांना विहीर बुजवायला जेसीबी आला तेव्हा कळलं. त्यानंतर त्यांनी प्रौढांच्या वर्गाला जाऊन सही शिकून घेतली आणि जगात कुणाच्याही कागदाला अंगठा लावला नाही. गॅसवाला आला तरी त्या आधी विचारतात, ह्यात काय लिवलंय. आणि या बाईला फसवून काळजाच्या ऑपरेशनच्या कागदावर सही घ्यायची होती.

बुधवारी सकाळी मी त्यांना गाडीत बसवलं. नुसतं डॉक्टरला भेटून यायचं म्हणाले. पिशवीत त्यांची दोन लुगडी आणि टॉवेल होता, तो त्यांनी बघितला, बोलल्या काही नाही. हायवेखालच्या बोगद्याशी आलो आणि अडकलो. तिथे रोजच अडकतं, पण त्या दिवशी पुढं सिमेंटचा मिक्सर बंद पडला होता, मागं शाळेची बस, डावीकडे भिंत, उजवीकडे पाण्याचा टँकर. काच खाली केली तर टँकरचं पाणी आत ठिबकत होतं. वीस मिनिटं आम्ही तसूभर हललो नाही.

आत्या म्हणाल्या, "गाडी फिरीव."

मी म्हटलं, फिरवू कुठं, जागा आहे का?

"मग चालत जाते मी घरी. सही करणार न्हाई. काय लिवलंय त्ये तू बी सांगत न्हाईस."

तू बी. त्या 'बी'नं माझं सगळं बळ गेलं. बावीस वर्षं त्यांनी मला फटकळ म्हटलं होतं आणि आज त्या मला इतरांच्या रांगेत उभी करत होत्या. मी स्टिअरिंगवरचे हात काढले आणि बोलले. सगळं सरळ बोलले, कारण मला दुसरं बोलता येत नाही.

"आत्या, मूळव्याध नाही ती. मोठ्या आतड्यात गाठ आहे. कॅन्सरची आहे."

बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी हे कुठे बोलले. पुढं मिक्सर, मागं बस. यांना आता काही झालं तर ॲम्ब्युलन्स सोडा, माणूस सरळ चालत यायला वाट नाही. आत्यांनी डोळे मिटले आणि हात छातीवर ठेवला. त्यांच्या गळ्याशी एक शीर उडत होती, ती मी बघत राहिले. मनात म्हटलं, मारलंस तू यांना, तुझ्या तोंडानं मारलंस, नवरा म्हणत होता तेच खरं. मागचा बसवाला हॉर्न वाजवत होता आणि मला खाली उतरून त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती.

मग आत्यांनी डोळे उघडले.

"किती दिस झालं कळून?"

दोन महिने, मी म्हटलं.

"पोरास्नी?"

"पहिल्यापासून."

"मंजी समद्यास्नी ठावं. माझ्याबिगर." त्या समोरच्या मिक्सरकडे बघत होत्या. थोड्या वेळानं माझ्याकडे वळल्या. "आन त्यो सुरण?"

मी गिअरवरची धूळ पुसायला लागले.

"दोन महिनं मला सुरण खायला घातलास. घसा सोलून निघाला माझा. उगंच?"

मी हो म्हटलं आणि मला हुंदका आला. आत्यांनी दार उघडायचा प्रयत्न केला. ते चार बोटं उघडलं, भिंतीला लागलं आणि थांबलं. त्यांनी पुन्हा ढकललं. मग दार ओढून घेतलं आणि मला एक शिवी दिली, जी मी इथे लिहीत नाही. ती मला लागली नाही. मला बरं वाटलं, कारण शिवी द्यायला दम लागतो.

मग त्यांनी सगळं विचारून घेतलं. गाठ केवढी, कुठं, काढता येते का, मग काळजाचं मधे काय. मी दोन्ही मजल्यांचं सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि पुढं बघत होत्या. पुढं बोगद्याच्या अरुंद तोंडाशी तो मिक्सर अडकला होता आणि या बाजूला सगळं पुनावळं तुंबलं होतं. आत्या म्हणाल्या, मंजी ह्ये असं झालंय तर माझं. मी म्हटलं, हो, अगदी असंच.

"जगंन का मी?"

मला माहीत नव्हतं आणि मी तेच सांगितलं. म्हटलं, गाठ पसरलेली नाही, डॉक्टरांना आशा आहे, धोका पण आहे. त्यांनी मान हलवली. त्या दोन महिन्यांत कुणी त्यांना दिलेलं ते पहिलं खरं उत्तर असावं.

मिक्सर हलला, आम्ही बोगद्यातून बाहेर पडलो. बाहेर उन्हात आल्यावर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. मला वाटलं आता काहीतरी मायेचं बोलतील. त्या म्हणाल्या, "पोरास्नी सांगू नगंस, मला कळलंय म्हणून."

मी गाडी कडेला घेतली. मला ऐकू आलं ते खरंच बरोबर ऐकू आलं का, हे बघायला हवं होतं.

"त्यांच्या जिवाला सोसायचं न्हाई," आत्या म्हणाल्या. "थोरला शाळंत असताना आमची म्हस मेली, तर चार दिस जेवला न्हाई. आयला समदं कळलंय म्हणल्यावर माझ्या म्होरं उभं ऱ्हायचं न्हाईत त्ये. शपत घे."

मी म्हटलं, आत्या, मला हे जमत नाही. त्या म्हणाल्या, दोन महिनं जमलं की.

हॉस्पिटलात दोघं मुलं आली, हसत आली, तीसुद्धा फार हसत. संध्याकाळी डॉक्टरबाई कागद घेऊन आल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत आत्या मुलांना म्हणाल्या, जा रे, चहा पिऊन या, बाईमाणसाचं बोलणं हाय. दोघं सुटल्यासारखे बाहेर गेले. मग आत्या उशीला टेकून बसल्या आणि पाठ म्हणावं तसं बोलल्या.

"पोटात कॅन्सर हाय. त्यो काढाया भूल पायजे. भूल माझ्या काळजाला सोसत न्हाई. म्हणून आधी काळजाचं दार बदलायचं. ऱ्हायली तर ऱ्हायली, न्हाई तर न्हाई. बरूबर हाय का?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, इतकं बरोबर आजवर कुणी सांगितलं नाही. झडप जनावराच्या पातळ पडद्यापासून करतात, हेही त्यांनी सांगितलं. आत्यांनी विचारलं, म्हशीच्या का? डॉक्टरबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, तसंच समजा. आत्यांचं समाधान झालं, त्यांनी हळूहळू, एकेक अक्षर जोडत सही केली. मुलं चहा पिऊन आली तेव्हा सही झालेली बघून दीर मला बाजूला घेऊन म्हणाले, वहिनी, मानलं तुमाला, काय सांगितलं तिला? मी म्हटलं, काही नाही, मूळव्याधीच्या ऑपरेशनला काळीज घट्ट लागतं म्हटलं. खोटं किती सहज येतं ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी झडप बसली. तासभर लागला असेल. आम्ही बाहेर खुर्च्यांवर बसलो होतो. नवरा माझ्या शेजारी बसून पुटपुटत होता, बिचारीला काही म्हायती न्हाई, बिचारीला काही म्हायती न्हाई. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. माझ्या मनात होतं, अरे, तिला सगळं माहीत आहे आणि ती आत एकटी जागी पडून आहे, तिला निदान तुझ्याशी एकदा नीट बोलता आलं असतं. हे मला ओरडून सांगायचं होतं. शपथ घातलेली होती. मी पाठीवरून हात फिरवत राहिले.

आत्या बाहेर आल्या त्या बोलतच. टीव्हीवर माझंच काळीज दाखवत व्हते म्हणाल्या, फडफड करतंय नुसतं. तिसऱ्या दिवशी त्या वॉर्डात चालल्या. महिन्याभरानं तिसऱ्या मजल्यावर पूर्ण भूल दिली, हृदयानं ती निमूट घेतली आणि गाठ निघाली. बाहेर काही गेलेलं नव्हतं. किमो लागणार नाही म्हणाले, फक्त दर सहा महिन्यांनी तपासायचं.

मूळव्याधीचं ऑपरेशन पोटातून कसं काय केलं, असा प्रश्न आत्यांनी मुद्दामच विचारला असं माझं ठाम मत आहे. नवऱ्याला घाम फुटला. म्हणाला, आई, ती आतली मूळव्याध व्हती, लई वर गेलेली. आत्या म्हणाल्या, आस्सं व्हय. मी वॉर्डाबाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकलं, हसत होते का रडत होते कुणास ठाऊक.

याला आता पुरती दोन वर्षं झाली. आत्या गच्चीवर वाळवण टाकतात, एका दमात जिना चढतात. आणि मी अजून त्या बोगद्यातच आहे. तपासणीचा दिवस आला की नवरा मला स्वयंपाकघरात बोलावून सांगतो, आईला कळता कामा नये. तपासणीहून परत येताना आत्या गाडीत सांगतात, पोरास्नी काय बोलू नगंस. कंपनीत मी बोर्डावरचा एक लाल दिवा सोडत नाही आणि घरात दोन्ही बाजूंना हिरवा दाखवत बसते. मागच्या पावसाळ्यात एकदा मला असह्य झालं. आत्या लसूण सोलत होत्या, त्यांना म्हटलं, बास झालं, मी सांगणार यांना. तुम्ही बऱ्या झालात, आता कुणाला काय होणार आहे?

त्या लसूण सोलत राहिल्या. म्हणाल्या, त्यास्नी वाटतंय त्यांनी मला वाचवलं, वाटू दे, बापाच्या माघारी त्यांच्या हातून झालेलं एवढंच एक मोठं काम हाय. मग सुरी खाली ठेवली.

"तुला येकच सांगते. उद्या तुला काय झालं तर ह्ये दोघं तुला बी मूळव्याध सांगत्याल. मी न्हाई सांगायची. मी तोंडावर सांगंन, काय हाय त्ये."

बावीस-चोवीस वर्षांत त्या बाईनं मला कधी चांगलं म्हटलेलं नाही. हे एवढं म्हटलं. मी लसणाच्या पाकळ्या वाटीत भरल्या आणि त्यानंतर सांगण्याचं नाव काढलं नाही.

परवा नवऱ्याचे चिखलीचे मामा आले होते. ओट्यावर बैठक बसली, आत्या आत दाराशी जात्याच्या दगडावर बसलेल्या, मी पोहे घेऊन उभी. मामांना सगळी हकीकत ठाऊक होती. त्यांनी आत नजर टाकून, आवाज खाली आणून विचारलं, अजून म्हायती न्हाई का तिला? नवऱ्यानं छाती पुढं काढली. म्हणाला, कळू दिलं न्हाई म्हणून तर आज आई आहे, मामा. आणि मग माझ्याकडे बघून, सगळ्यांच्या समोर, अगदी मनापासून म्हणाला, "ह्याचं श्रेय हिचं. हिच्या तोंडून येक शब्द गेला न्हाई. आमी उगंच हिला बोलायचो."

मामांनी मान डोलावली. मला या घरात पहिल्यांदा शाबासकी मिळत होती, ज्या गोष्टीबद्दल मिळत होती ती मी केली नव्हती, आणि जी केली होती ती मरेपर्यंत सांगता येणार नव्हती.

आत्यांना आतून सगळं ऐकू आलं होतं. हळू आवाजातलंही त्यांना नेहमी ऐकू येतं. त्या दाराच्या चौकटीतून माझ्याकडे बघत होत्या.

"पोरी," त्या मोठ्यानं म्हणाल्या, ओट्यावर सगळ्यांना जाईल एवढ्या मोठ्यानं, "वाइच ताक आण गं मला. मूळव्याधीला चांगलं असतंय."

मी बशी मामांच्या पुढं ठेवली आणि ताक घुसळायला आत गेले.